पडद्याच्या दोन्ही बाजू

(मोठ्या खर्चाचे हाणामारीचे चित्रपट लहानथोर सर्वांना आवडतात. पण असा चित्रपट चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचे? खर्चावरून, गर्दीवरून की आणखी कशावरून? एका शिक्षकाने आपल्या वर्गात मांडलेले विचार या पाठात दिले आहेत. आवडीच्या गोष्टीचेही गुण आणि दोष शांतपणे पाहता आले पाहिजेत, असे लेखकाचे मत आहे.)

सोमवारचा पहिला तास होता. मी वर्गात शिरलो तेव्हा मागच्या बाकांवर जोरात वाद चालू होता. कारण होते, रविवारी पाहिलेला एक चित्रपट. एक विद्यार्थी म्हणत होता, "तीनशे कोटींचा सिनेमा आहे. तो वाईट असेलच कसा?" दुसरा तितक्याच तावातावाने म्हणाला, "सगळं खोटं आहे! एकटा माणूस पन्नास जणांना लोळवतो, असं कधी होतं का?" मला पाहताच दोघेही उभे राहिले. "सर, तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?"

"दोघांचंही चुकलं," मी म्हणालो. सारा वर्ग हसला. त्या दिवशी मी पुस्तक उघडले नाही. तासभर आम्ही चित्रपटांवरच बोललो. तेव्हा जे सांगितले, तेच आज तुमच्यासाठी लिहीत आहे.

आधी पहिल्या विद्यार्थ्याचे काय चुकले ते पाहू. बाजारातून सर्वांत महाग तांदूळ आणला, भरपूर केशर आणले, तूपही सढळ हाताने ओतले, म्हणून बिर्याणी चांगली होईलच असे नाही. ती शिजवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. चित्रपटाचेही तसेच आहे. खर्च म्हणजे सामान. सामान चांगले असले तर उत्तमच. पण सामान म्हणजे पदार्थ नव्हे. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. कित्येक महागड्या चित्रपटांना ती अगदी लागू पडते.

मग तिकीट खिडकीवरची गर्दी तरी खरी कसोटी आहे का? तीही नाही. १९२६ साली बस्टर कीटन या अमेरिकन विनोदी नटाने 'द जनरल' नावाचा मूकपट काढला. त्यात आगगाड्यांचा थरारक पाठलाग आहे. एका दृश्यात जळत्या पुलावर आलेले इंजिन पुलासकट नदीत कोसळते. ते इंजिन खरे होते आणि पूलही खरा होता. तो एकच प्रसंग मूकपटांच्या काळातील सर्वांत महागडा प्रसंग मानला जातो. पण चित्रपट चालला नाही. कीटनला त्याची मोठी किंमत मोजावी लागली. पुढे मात्र जाणकारांनी हाच चित्रपट डोक्यावर घेतला. १९८९ साली अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय सूची सुरू केली, तेव्हा पहिल्याच वर्षी 'द जनरल'ला तीत जागा मिळाली. पहिल्या आठवड्याची गर्दी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, हे यावरून समजते.

आता दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याची तक्रार होती, "सगळं खोटं आहे." पण गोष्ट म्हटली की थोडी अतिशयोक्ती येणारच. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांनी अमीर हमजाची दास्तान ऐकलेली असेल. त्यात जादूगार आहेत, राक्षस आहेत. आमच्या पोवाड्यांत तानाजी मालुसरे यांच्या घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढतात. ऐकणारा तेथे हिशेब मागत नाही. तो शौर्याची गोष्ट ऐकत असतो. तेव्हा "असे खरोखर घडते का?" हा प्रश्न विचारण्यापेक्षा "या गोष्टीत हे पटते का?" असे विचारावे. पहिल्या प्रसंगात नायकाला साध्या चाकूची जखम होत असेल आणि शेवटी दहा गोळ्या लागूनही तो उभाच राहत असेल, तर ती अतिशयोक्ती नव्हे. गोष्टीने स्वतःच घातलेला नियम स्वतःच मोडला, असा त्याचा अर्थ होतो.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आमच्या गावच्या उरुसात तंबूतला सिनेमा येत असे. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा असे. समोर जागा मिळाली नाही की आम्ही मुले पडद्याच्या मागे जाऊन बसत असू. चित्रपट मागूनही दिसे. पण सारे उलटे दिसे. नायक डावखुरा दिसे. पाटीवरची अक्षरे वाचता येत नसत. एका रात्री समोरून आणि दुसऱ्या रात्री मागून, असा तोच चित्रपट मी दोनदा पाहिला आहे. दुसऱ्या वेळी गोष्ट ठाऊक असल्यामुळे माझे लक्ष इतर गोष्टींकडे जाई. मार खाऊन पडणारे गुंड दिसत. पहिल्या मारामारीत पडलेला गुंड तिसऱ्या मारामारीत पुन्हा दिसला की आम्ही टाळ्या पिटत असू! चित्रपट दोन्ही बाजूंनी पाहावा, ही सवय मला त्या तंबूत लागली. समोरून पाहिले की मजा दिसते. मागून पाहिले की घडण दिसते. गुण आणि दोष ओळखण्यासाठी दोन्ही पाहावे लागते.

हाणामारीच्या चित्रपटाला मी पाच प्रश्न विचारतो. त्यांतला पहिला प्रश्न असा : ही मारामारी कशासाठी आहे?

रमेश सिप्पी यांचा 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. तो बनवायला सुमारे अडीच वर्षे लागली. त्यातील आगगाडीवरच्या हल्ल्याचे चित्रण आपल्याच पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर झाले. त्या एका प्रसंगासाठी सात आठवड्यांहून अधिक काळ लागला, आणि साहसदृश्यांसाठी परदेशातून तज्ज्ञ बोलावले होते. एवढा खर्च वाया गेला का? नाही. ठाकूर हा पोलीस अधिकारी जय आणि वीरू या दोन चोरांना गाडीतून घेऊन जात असतो. दरोडेखोर गाडीवर चालून येतात. ठाकूर त्या दोघांच्या बेड्या सोडतो आणि तिघे मिळून लढतात. लढाईत ठाकूर जखमी होतो. आता त्या चोरांना पळून जाता येईल! ते नाणे उडवतात आणि शेवटी ठाकूरला दवाखान्यात नेतात. पुढे गब्बरशी लढायला ठाकूर याच दोघांना का बोलावतो, याचे उत्तर या मारामारीत आहे. हा प्रसंग काढून टाकला तर गोष्टच लंगडी होते. चांगल्या मारामारीची ही खूण आहे. ती संपल्यावर माणसे पूर्वीपेक्षा अधिक कळली पाहिजेत.

एस. एस. राजमौली यांच्या 'आरआरआर' (२०२२) या चित्रपटातही असाच एक प्रसंग आहे. पुलावर आगगाडीला आग लागते. खाली नदीत एक मुलगा ज्वाळांमध्ये सापडतो. पुलावर आणि काठावर उभे असलेले दोन अनोळखी तरुण एकमेकांना फक्त हातांनी खुणा करतात आणि त्याला वाचवतात. एक शब्दही न बोलता त्यांची मैत्री जुळते. विज्ञानाच्या तासाला हा प्रसंग टिकणार नाही, हे मला मान्य आहे. पण दोन माणसांची मैत्री कशी झाली, हे तो स्पष्ट सांगतो. म्हणून तो मला आवडतो. याउलट दर दहा मिनिटांनी एक मारामारी हवी, एवढ्याच हिशेबाने घातलेली दृश्ये घटकाभर डोळे दिपवतात आणि घरी येईपर्यंत विसरतात.

दुसरा प्रश्न अगदी साधा आहे. पडद्यावर काय चालले आहे, ते कळते का?

मारामारी पाहताना कोण कोठे उभा आहे, कोण कोणाच्या मागे आहे, दार कोठे आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. कबड्डीच्या मैदानावरच्या रेषाच पुसून टाकल्या, तर खेळ पाहण्यात गंमत राहील का? पुष्कळ चित्रपटांत कॅमेरा सारखा हलतो, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दृश्य बदलते, आणि कानठळ्या बसवणारा आवाज होतो. आपल्याला वाटते, काहीतरी भयंकर चालले आहे. पण कित्येकदा कच्ची मारामारी झाकण्यासाठीच ही गडबड केलेली असते. उथळ पाण्याला खळखळाट फार!

वेग आणि स्पष्टपणा यांचे वैर आहे, असे मात्र समजू नका. जॉर्ज मिलर यांचा 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) हा मोठ्यांसाठीचा चित्रपट म्हणजे जवळजवळ दोन तास चाललेला पाठलाग आहे. त्याचे बरेचसे चित्रण आफ्रिकेतील नामिबियाच्या वाळवंटात झाले. मार्गारेट सिक्सेल यांनी त्याचे संकलन केले. त्यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचे चित्रण होते. त्यातून त्यांनी दोन तासांचा चित्रपट घडवला. दृश्ये झरझर बदलतात. पण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा पडद्याच्या मधोमध ठेवलेली असते. त्यामुळे डोळ्यांना ती शोधत फिरावे लागत नाही. या संकलनाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. वेगामागे केवढी शिस्त असते, हे येथे दिसते.

तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पडद्यावरच्या मरणाला काही वजन आहे का?

पुन्हा 'शोले'चेच उदाहरण घेऊ. गावच्या अंध इमामसाहेबांचा मुलगा अहमद नोकरीसाठी शहरात जायला निघतो आणि गब्बरच्या हाती सापडतो. त्याला कसे मारले, हे पडद्यावर दिसत नाही. गब्बर हातावर बसलेला एक क्षुद्र किडा चिरडतो. त्यानंतर दिसतो तो गावाकडे येणारा घोडा आणि त्याच्या पाठीवर अहमदचे प्रेत. सारा गाव गप्प होतो. इमामसाहेबांना काही दिसत नाही. ही शांतता कशाची, असे ते विचारतात. पण सांगण्याचे धैर्य कोणाला होत नाही. या प्रसंगात रक्ताचे पाट नाहीत, स्फोट नाही. तरी पन्नास वर्षांनंतर लोकांना तो आठवतो. मोठ्या खर्चाच्या चित्रपटातील सर्वांत प्रभावी प्रसंग कधी कधी असा अगदी कमी खर्चाचा असतो.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) या चित्रपटात सुपरमॅन आणि त्याचा शत्रू यांच्या लढाईत एक महानगर उद्ध्वस्त होते. उंच इमारती पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळतात. त्या इमारतींत माणसे असतील ना? त्यांचे काय झाले? चित्रपट तिकडे फारसे पाहत नाही. पुष्कळ प्रेक्षकांना ते खटकले. गंमत म्हणजे २०१६ साली आलेल्या पुढच्या चित्रपटात तीच लढाई जमिनीवरून दाखवली. धुळीने भरलेला रस्ता, कोसळलेल्या इमारती, अडकलेली माणसे. वरून जो तमाशा वाटला होता, तो खालून आकांत होता.

मुलांनो, भूकंपात किंवा दंगलीत एक घर पडले तरी काय होते, हे आपल्याकडे अनेकांनी पाहिले आहे. घराबरोबर शिधापत्रिका जाते, शाळेचे दाखले जातात, आजीने जपलेले भांडे जाते. ज्या चित्रपटात शंभर घरे पडतात आणि नायक कपडे झटकून हसत निघून जातो, तो आपल्याला नकळत एक खोटी गोष्ट शिकवतो. माझा आक्षेप राक्षसांना नाही, उडणाऱ्या माणसांना नाही. तो या खोटेपणाला आहे.

चौथा प्रश्न : शत्रू कोणाला ठरवले आहे?

हाणामारीच्या चित्रपटाला खलनायक लागतो. पण खलनायक वाईट का झाला, हे सांगायला कष्ट पडतात. त्यापेक्षा त्याला एक ठरावीक पोशाख, ठरावीक भाषा आणि ठरावीक नाव देणे सोपे असते. मग प्रेक्षक ते पाहूनच त्याला ओळखतात. १९९४ साली जेम्स कॅमेरॉन यांचा 'ट्रू लाइज' आला. त्या काळातील तो अतिशय खर्चिक चित्रपट होता. समुद्रावरच्या लांब पुलावरचा त्याचा प्रसंग आजही पाहण्यासारखा आहे. पुढे काय होणार, या उत्कंठेने आपण श्वास रोखून धरतो. पण त्यातील दहशतवादी अरब आहेत आणि ते केवळ ओरडणारे, मूर्ख व क्रूर एवढेच दाखवले आहेत. अमेरिकेतील अरब वंशाच्या नागरिकांच्या संघटनांनी याचा निषेध केला. मला हा निषेध योग्य वाटतो. गुन्हा माणूस करतो, पोशाख करत नाही.

पण म्हणून तो पुलावरचा प्रसंग वाईट ठरतो का? नाही. आणि तो प्रसंग उत्तम आहे म्हणून अरबांचे चित्रण माफ करावे का? तेही नाही. गुण दोषाला झाकत नाही आणि दोष गुणाला पुसत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी लिहाव्या लागतात. परीक्षक म्हणून हेच सर्वांत अवघड काम आहे, विशेषतः ज्याच्यावर अन्याय झाला तो आपल्यासारखा दिसत असेल तेव्हा.

'शोले'च्या गावात अजानही होते आणि होळीही खेळली जाते. इमामसाहेब तेथे पाहुणे नाहीत, गावातलेच आहेत. त्यांच्या दुःखाने सारा गाव रडतो. तुम्हांला आणखी एक गोष्ट सांगतो. या चित्रपटाचे लेखक सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी त्याचे संवाद उर्दू लिपीत लिहिले होते. नंतर ते नागरी लिपीत उतरवले गेले. देशभर पाठ झालेले ते संवाद तुम्ही रोज ज्या लिपीत निबंध लिहिता, त्याच लिपीत जन्मले!

पाचवा आणि शेवटचा प्रश्न : ही मेहनत कोणाची आणि तिची किंमत कोणी मोजली?

२६ जुलै १९८२ रोजी बंगळूर येथे 'कुली' चित्रपटाच्या मारामारीचे चित्रण चालू असताना अमिताभ बच्चन यांच्या पोटाला गंभीर दुखापत झाली. ते मरणाच्या दारातून परत आले. मंदिरांत, मशिदींत, गुरुद्वारांत आणि चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या. पुढे १९८३ साली चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्या क्षणी दृश्य थांबवून, येथेच दुखापत झाली असे पडद्यावर दाखवले आहे. ठरलेला शेवटही बदलला. मूळ कथेत नायक मरणार होता. आता तो जगतो.

हे सर्वांना ठाऊक आहे. पण रेश्मा पठाण हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? 'शोले'त बसंती आपला टांगा भरधाव पळवते. त्या धोक्याच्या दृश्यांत हेमामालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण होत्या. त्या दृश्यांच्या वेळी त्या जखमीही झाल्या. हिंदी चित्रपटांतील सुरुवातीच्या स्टंट करणाऱ्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला तो २०१९ साली, म्हणजे 'शोले'नंतर चव्वेचाळीस वर्षांनी. तोपर्यंत लाखो लोकांनी त्या टांग्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या टाळ्या दुसऱ्याच्या नावावर जमा होत होत्या.

उंचावरून उडी मारणारा, काचेतून पडणारा, अंगाला आग लावून घेणारा माणूस बहुधा आपल्याला पाठमोराच दिसतो. त्याचा चेहरा दिसू नये, हेच त्याचे काम असते. ऑस्कर पारितोषिके १९२९ पासून दिली जातात. पण साहसदृश्यांच्या आखणीसाठी वेगळे पारितोषिक द्यायचे, असे २०२५ साली जाहीर झाले. तेही २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून. म्हणून माझी तुम्हांला विनंती आहे. चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका. शेवटी नावांची लांबलचक यादी येते, ती थोडी तरी वाचा. तीनशे कोटी म्हणजे काय, हे त्या यादीत कळते.

आता तुम्ही म्हणाल, "सर, 'शोले' तुमचा आवडता, म्हणून त्यात दोषच नाहीत का?" आहेत. आगगाडीच्या प्रसंगात कितीतरी दरोडेखोर मरतात. त्यांतल्या एकाच्याही मरणाला वजन नाही. म्हणजे माझ्या तिसऱ्या प्रश्नाला हा चित्रपट अर्धाच उतरतो. गावाच्या रक्षणासाठी बाहेरचे लढवय्ये आणायचे, ही कल्पनाही नवी नाही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४) मध्ये ती आधी येऊन गेली होती. तुरुंगातले विनोदी प्रसंग गमतीचे आहेत, पण गोष्ट तेथे थबकते.

शेवटाबद्दल तर वादच आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. तेव्हाच्या परीक्षण मंडळाला हे मान्य झाले नाही. म्हणून शेवट बदलला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात, असे दाखवले. पन्नास वर्षांनी, २०२५ साली, मूळ शेवट असलेली प्रत दुरुस्त करून इटलीतील एका महोत्सवात दाखवली गेली. बदललेला शेवट मला कथेच्या दृष्टीने कच्चा वाटतो. कारण पोलीस अचानक उगवल्यासारखे येतात. पण ठाकूर हा स्वतः पोलीस अधिकारी होता. त्याने गुन्हेगाराला कायद्याच्या स्वाधीन करावे, हे कोणाला अधिक योग्य वाटेल. त्या दिवशी वर्गात हात वर करायला सांगितले, तर वर्गाचे बरोबर दोन भाग झाले. असे दोन भाग होणे मला आवडते. दोन्हींकडे कारणे होती.

तास संपल्याची घंटा झाली. जाताना मी त्या दोघांना एक काम सांगितले. रविवारी पाहिलेल्या चित्रपटाबद्दल वहीचे एक पान लिहून आणायचे. पानाच्या मधोमध रेघ मारायची. एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष. अट एकच, कोणतीही बाजू रिकामी ठेवायची नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी वह्या आणल्या. ज्याने "तीनशे कोटी" म्हटले होते, त्याची गुणांची बाजू काठोकाठ भरली होती. दोषांच्या बाजूला त्याने लिहिले होते : 'नायकाने बाजारातून गाडी पळवली. सगळ्या हातगाड्या उलटल्या. हातगाडीवाल्यांना पैसे कोणी दिले, ते दाखवले नाही.' मी त्याला विचारले, "हे तुला कसं सुचलं?" तो म्हणाला, "सर, माझे अब्बा केळीची गाडी लावतात."

ज्याने "सगळं खोटं आहे" म्हटले होते, त्याने दोषांच्या बाजूला अकरा मुद्दे लिहिले होते. गुणांच्या बाजूला एकच ओळ होती : 'नायकाचा भाऊ मेला तेव्हा मला रडू आले.'

मी दोन्ही पानांवर सही केली आणि खाली 'छान' असा शेरा लिहिला.

शब्दार्थ

सढळ हाताने – उदारपणे, भरपूर
तावातावाने – रागाने व जोराने
कथील – एक हलका धातू
अतिशयोक्ती – गोष्ट फुगवून सांगणे
उरूस – पीराची जत्रा
घडण – रचना, बनावट
संकलन – चित्रपटातील दृश्ये निवडून जोडण्याचे काम
आकांत – मोठ्याने रडणे, हाहाकार
खलनायक – गोष्टीतील दुष्ट पात्र
पाठमोरा – पाठ दिसेल असा
डोक्यावर घेणे – खूप कौतुक करणे
कानठळ्या बसणे – मोठ्या आवाजाने ऐकू न येणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वर्गातील वादाचे कारण काय होते?
(आ) 'द जनरल' या मूकपटात नदीत काय कोसळते?
(इ) 'शोले'चे संवाद प्रथम कोणत्या लिपीत लिहिले गेले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने चित्रपटाच्या खर्चाची तुलना बिर्याणीच्या सामानाशी का केली आहे?
(आ) अहमदच्या मृत्यूचा प्रसंग लेखकाला प्रभावी का वाटतो?
(इ) "गुण दोषाला झाकत नाही आणि दोष गुणाला पुसत नाही." हे 'ट्रू लाइज'च्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. पुढील म्हणींचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा. त्यांच्याशी जुळणारी उर्दू म्हण शोधा.
(अ) नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
(आ) उथळ पाण्याला खळखळाट फार.

४. वाक्यांत उपयोग करा.
डोळे दिपणे, श्वास रोखून धरणे, ताब्यात घेणे.

५. विचार करा व लिहा.
'शोले'चा कोणता शेवट तुम्हांला योग्य वाटतो? दोन कारणे द्या.

६. उपक्रम.
तुम्ही पाहिलेल्या एका चित्रपटाबद्दल वहीच्या एका पानावर गुण व दोष लिहा. एकही बाजू रिकामी ठेवू नका.